उंबऱ्याबाहेर कुणीच परकं नाही : विल्यम्स सिंड्रोम असलेली माझी मुलगी आणि गड्ड्यातला तो पाऊण तास

चादरवाला | १८ जानेवारी, रात्री १०:१२

परवा गड्ड्यात चिमी हरवली. पाऊण तास. सापडली, ठणठणीत आहे, म्हणून तर लिहायला बसलोय. नाहीतर आज इथं नसतोच.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. संक्रांतीला आमच्या सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा असते आणि होम मैदानावर जी जत्रा भरते तिला आम्ही गड्डा म्हणतो. १५ तारखेला रात्री शोभेचं दारूकाम असतं. चिमीला आवाज अजिबात सोसत नाहीत. कुकरची शिट्टी होणार म्हटलं तरी ती आधीच न्हाणीघरात जाऊन दार लावून घेते. त्यामुळं दारूकाम सुरू व्हायच्या आत निघायचं ठरलेलं. पण पाळण्यापाशी वेळ गेला आणि पहिला बार उडाला. तिनं किंचाळून दोन्ही कान दाबले, त्यात माझ्या हातातला हात सुटला, आणि मागून गर्दीचा लोंढा आला.

चौकीवरून नाव पुकारलं. हिची आई रडून रडून बसली खाली. मी मौत का कुआँपासून भांड्यांच्या दुकानांपर्यंत तीन चकरा मारल्या. शेवटी सापडली ती एका कुटुंबाबरोबर सतरंजीवर बसून भजी खाताना. त्या बाई बिचाऱ्या भल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, ही पोरगी आली, माझं नाव विचारलं, बांगड्या छान आहेत म्हणाली, आणि म्हणाली मी येऊ तुमच्याबरोबर? आम्हाला वाटलं इथंच शेजारी बसलेल्या कुणाची तरी आहे."

मला बघून चिमी काय म्हणाली असेल? "बाबा, या मावशी. यांच्या गुडघ्याला बरं नाहीये."

फटाक्याला थरथर कापणारी पोरगी. माणसाला मात्र कणभर भीत नाही. एकाच देहात या दोन गोष्टी कशा राहतात, हे मला पाच वर्षं कळलेलं नाही.

मागचं थोडक्यात. चिमी आता नऊ वर्षांची आहे. आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे. तिसऱ्या वर्षापासून ती माझ्या शेजारी गल्ल्यावर बसते. गिऱ्हाईक पायरी चढलं की हिचं सुरू : तुमचं नाव काय, तुम्ही कुठून आलात, तुमच्या मुलीला का नाही आणलं? तेलुगू बोलणाऱ्या बायका आल्या की "बागुन्नारा", कानडी आल्या की "चेन्नागिद्दीरा". पुण्यामुंबईची गिऱ्हाइकं तर खूश. दोन चादरी घ्यायला आलेली माणसं चार घेऊन जायची. आम्हालाही वाटायचं, काय लाघवी लेकरू आहे. चालायला उशिरा लागली, बटण लावता येत नाही, पेन्सिल धरता येत नाही, जिना उतरताना पायरी कुठं संपते ते कळत नाही. पण बोलणं एवढं की बाकी कशाकडं लक्षच गेलं नाही. एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, "लाडावलीय, शाळेत गेली की होईल नीट."

चौथ्या वर्षी अंगणवाडीत सरकारी तपासणीचं पथक आलं, त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि थांबल्या. इको केला. महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, झडपेच्या जरा वर अरुंद झालेली. पुण्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी तिचा चेहराच निरखला. रुंद कपाळ, डोळ्यांखाली फुगीर, भरलेले ओठ, मोठी जिवणी. मग म्हणाले, ही सगळ्यांशी बोलते का हो? मी अभिमानानं हो म्हणालो. तेव्हा त्यांनी फिश नावाची रक्ततपासणी सांगितली. त्यात गुणसूत्रावर ठरावीक जागी चमकणारा ठिपका लावतात. सातव्या गुणसूत्राच्या जोडीपैकी एकावर दोन ठिपके दिसले, दुसऱ्यावर एकच. तेवढा तुकडा तिथं नाहीच. यालाच विल्यम्स सिंड्रोम म्हणतात. सव्वीस ते अठ्ठावीस जनुकं त्या तुकड्याबरोबर गेलेली. त्यातलंच एक इलास्टिनचं, ज्यानं रक्तवाहिनीला लवचीकपणा येतो. मी माझ्या भाषेत समजून घेतलं : ताण्यातले पंचवीस-तीस धागे तुटलेत, माग चालू आहे, चादर निघतेय, पण नक्षी वेगळी.

माझा प्रश्न एकच. "अनोळखी माणसाशी बोलू नको" हे तिला पाठ आहे. विचारा, धडाधड म्हणून दाखवील. पण तिच्या लेखी अनोळखी माणूस असं काही नसतंच. नाव विचारून झालं की तो ओळखीचा. मग शिकवायचं काय आणि कसं?

शेंगाचटणी | १८ जानेवारी, रात्री १०:५५

दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण खरं सांगू का, असं निर्मळ लेकरू आजच्या जगात कुठं मिळतं? आपण मोठी माणसं संशयानं भरलेलो. देवाघरचं फूल आहे ते. तिला बदलायला जाऊ नका.

चादरवाला | १८ जानेवारी, रात्री ११:२०

ताई, तुमच्या भावना कळतात, राग नाही. पण देवाघरच्या फुलाला उद्या कुणी रिक्षात बसवून नेलं तर ते आनंदानं जाईल, वर रिक्षावाल्याच्या पोराबाळांची चौकशी करील. मला झोप येत नाही.

खडूफळा | १९ जानेवारी, दुपारी २:४०

मी सोलापुरातच विशेष मुलांच्या शाळेत शिकवते, बावीस वर्षं झाली. तुमचा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. डबा खाताखाता लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आपण "याला माणसांत राहायला जमतं" असं म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो. एक म्हणजे माणसांची ओढ. दुसरी म्हणजे माणसाची पारख, म्हणजे समोरच्याच्या मनात काय चाललंय, तो जे म्हणतोय त्यामागं काय आहे, हे ताडणं. आपल्यात दोन्ही बरोबरच वाढतात, म्हणून ती एकच वाटते. माझ्या वर्गात या मुलांनी मला त्या सुट्या करून दाखवल्या.

मुलांबरोबर मी एक खेळ खेळते. मूळ तो १९८५ साली बॅरन-कोहेन, लेझ्ली आणि फ्रिथ यांनी लंडनमध्ये केलेला, सॅली आणि अ‍ॅन नावाच्या बाहुल्यांचा. मी तो शेंगपोळीवर करते. गौरी शेंगपोळी डब्यात ठेवते आणि खेळायला जाते. तिच्या मागं सोनी ती काढून पिशवीत लपवते. गौरी परत आली. आता ती पोळी कुठं शोधेल? चार-पाच वर्षांचं सर्वसाधारण मूल सांगतं, डब्यात. कारण पोळी हलवलेली गौरीला माहीत नाही. त्या पहिल्या प्रयोगात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या २० मुलांपैकी १६ जण चुकले. त्यांनी पोळी (त्यांच्याकडं गोटी होती) खरी जिथं आहे ती जागा दाखवली. डाउन सिंड्रोमच्या १४ मुलांपैकी १२ बरोबर निघाले, आणि त्यांची बौद्धिक पातळी स्वमग्न मुलांपेक्षा कमी होती! म्हणजे मन ओळखणं आणि हुशारी यांचा सरळ हिशेब नाही.

आता विल्यम्स. या मुलांची बडबड आणि माया बघून सगळ्यांना आधी वाटलं, ही तर मन ओळखण्यात पटाईत असणार. पण २००० साली हेलन टॅगर-फ्लुसबर्ग आणि त्यांच्या सहकारी केट सलिव्हन यांनी असले खेळ विल्यम्सच्या मुलांकडून करून घेतले, तेव्हा ती बरोबरीच्या पातळीच्या इतर मुलांपेक्षा काही सरस ठरली नाहीत. त्यांनी मांडलेलं असं की चेहरा, आवाज, दुसऱ्याचं दुखणं जाणवणं हा एक पदर, आणि दुसऱ्याला काय माहीत आहे, त्याचा हेतू काय, हे ओळखणं हा वेगळा पदर. विल्यम्समध्ये पहिला बराचसा शाबूत राहतो, दुसरा मागं पडतो.

चिमीनं त्या बाईंचा गुडघा ओळखला. हा पहिला पदर. आपण दिसेनाशा झालो तर आईबाबांच्या जिवाचं काय होत असेल, हे तिच्या मनात आलंच नाही. हा दुसरा.

म्हणून "अनोळखी" हा शब्दच टाकून द्या. तो शब्द समोरच्या माणसाबद्दलचा अंदाज मागतो, आणि नेमकं तेच तिला जड जातं. नियम माणसाबद्दल नको, कृतीबद्दल हवा. दुकानाचा उंबरा ओलांडायचा तर आधी बाबाला सांगायचं. मग समोर मामा असो, मुख्यमंत्री असो, नाहीतर फुगेवाला. बोलायला बंदी नाही, हलायला आहे.

दुसरं, हे चित्र काढून शिकवू नका. आमच्याकडं काही बाया गोलात गोल काढून शिकवतात : आतला गोल घरच्यांचा, त्याबाहेरचा शेजाऱ्यांचा, वगैरे. विल्यम्सच्या मुलांना जागेचा, आकाराचा अंदाजच कच्चा असतो. अमेरिकेत साल्क संस्थेत अर्सुला बेलुगींनी यावर पुष्कळ वर्षं काम केलं. त्यांच्याकडच्या एका मुलीनं हत्तीचं वर्णन केलं ते ऐकत राहावं असं, आणि हत्तीचं चित्र काढलं ते इकडं सोंड, तिकडं पाय, हत्ती कुठं ते कळेना. चिमीची ताकद शब्दात आणि सुरात आहे. नियमाचं गाणं करा.

तास सुरू झाला. बाकीचं नंतर.

नाना_जुळेसोलापूर | १९ जानेवारी, संध्या. ६:०५

दादा, राग मानू नका, पण विचारतो. तुमचं लग्न नात्यात झालंय का? आपल्याकडं मामाच्या पोरीशी, अक्क्याच्या पोरीशी लग्नं सर्रास. त्यानंच ही असली दुखणी येतात असं ऐकलंय.

चादरवाला | १९ जानेवारी, रात्री ९:३०

नाना, हा प्रश्न मला आजवर लग्नकार्यात, तेराव्यात आणि न्हाव्याच्या खुर्चीत, तिन्ही ठिकाणी विचारून झालाय, तेव्हा राग कसला. हो, ही माझ्या मामाचीच मुलगी. आणि चार वर्षं तिनं हे स्वतःच्या डोक्यावर घेतलं. माझी आई दर अमावस्येला काहीतरी उतरवून टाकायची आणि ही मुकाट बघत बसायची.

हैदराबादच्या जनुकतज्ज्ञ मॅडमनी पंधरा मिनिटांत तो दगड उतरवला. विल्यम्समधला तुकडा बहुतेक वेळा बीज किंवा शुक्राणू तयार होताना नव्यानं गळतो. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या दिसणाऱ्या डीएनएच्या अक्षरांच्या लांब रांगा आहेत, जोडी जुळताना त्यांची गफलत होते आणि मधला भाग निसटतो. आईवडील नात्यातले असोत नसोत, त्याचा यात संबंध नाही. आईकडून जितक्या वेळा, तितक्याच वेळा बापाकडूनही. पुढं चिमीला मूल झालं तर त्याला येण्याची शक्यता निम्मी, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं.

खडूफळा | १९ जानेवारी, रात्री १०:१५

नानांचा प्रश्न अगदीच वायफळ नाही बरं का. थॅलसेमियासारखे, काही चयापचयाचे आजार असतात ज्यात दोन्हीकडून एकेक बिघडलेली प्रत यावी लागते, तिथं नात्यातल्या लग्नानं धोका वाढतो. पण सगळ्या दुखण्यांना एकच चाबूक मारतात आणि तो नेहमी सुनेच्याच पाठीवर बसतो.

अशोकचौक | १९ जानेवारी, रात्री ११:४८

मी मेडिकलचा विद्यार्थी, मूळचा सोलापूरचा. चादरवालाकाका, तुम्ही जे लिहिलंत ना, की फटाक्याला घाबरते आणि माणसाला नाही, त्यावर २००५ साली थेट मेंदूची छायाचित्रं घेऊन काम झालंय. मायर-लिंडेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी विल्यम्स असलेल्या लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि मग माणूस नसलेली भीतिदायक दृश्यं, आग, अपघात असली. मेंदूत अमिग्डला म्हणून बदामाएवढा भाग असतो, धोक्याची घंटा म्हणा. त्यांच्या बाबतीत चेहऱ्यांना ती घंटा नेहमीपेक्षा कमी वाजली आणि दृश्यांना नेहमीपेक्षा जास्त. म्हणजे चिमी निर्भय नाहीये. तिची घंटा भलत्या दाराला बांधलीय.

आणि एक गंमत. २०१० सालच्या एका अभ्यासात विल्यम्सच्या मुलांना गोऱ्या-काळ्या कातडीची चित्रं दाखवून यातला चांगला कोण, वाईट कोण असं विचारलं. इतर मुलं गोऱ्याकडं झुकतात, ही झुकली नाहीत. बाईमाणसाची कामं, गडीमाणसाची कामं हा भेद मात्र त्यांच्यातही इतरांइतकाच होता. आपल्या दुकानात चार भाषांची गिऱ्हाइकं येतात आणि चिमी चौघांना सारखीच भेटते, हे वाचून मला तेच आठवलं.

जनुकांचं म्हणाल तर गळालेल्या तुकड्यातल्या जीटीएफटूआय नावाच्या जनुकाकडं सगळ्यांचं लक्ष आहे. २०१७ साली असं आढळलं की लांडग्यांपेक्षा कुत्री माणसाळलेली असण्याचा संबंध कुत्र्यांमधल्या याच जनुकातल्या आणि त्याच्या शेजारच्या जनुकातल्या बदलांशी लागतो.

सातरस्ता_एक्स्प्रेस | २० जानेवारी, सकाळी ७:३०

अरे बे, लेकराची तुलना कुत्र्याशी?? लाज वाटत नाही का? डॉक्टर होणार म्हणे.

अशोकचौक | २० जानेवारी, सकाळी ८:१०

काका, माफ करा. तसा हेतू नव्हता. पोस्ट काढून टाकू का?

चादरवाला | २० जानेवारी, दुपारी १:००

राहू दे रे बाळा. वाचलं तेव्हा क्षणभर लागलं, खोटं कशाला बोलू. मग आमच्या दुकानासमोरच्या मोत्याकडं बघितलं. हजारो वर्षांपूर्वी कुठल्यातरी लांडग्याला माणसाची भीती कमी वाटली म्हणून तो चुलीजवळ आला. माझ्या पोरीत तीच तार हललीय. यात कमीपणा कुणाला?

भलत्या दाराला बांधलेली घंटा, हे हिच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं.

जुना_जॉबर | २१ जानेवारी, पहाटे ५:२०

मी गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होतो. वय ७१. मोबाइलवर लिहायला वेळ लागतो, हात थरथरतो.

माझा नातू, मुलीचा मुलगा, तेरा वर्षांचा. तुमच्या मुलीच्या बरोब्बर उलटा. माणूस आला की तोंड फिरवतो. हात पुढं करतो पण मान भिंतीकडं. घरात पाहुणे आले की दोन्ही हात पाखरागत फडफडवतो, मनगट चावतो. मी गिरणीतला माणूस, माझ्यापुढं पोरं ताठ उभी राहायची. मी त्याला लै वेळा म्हटलं, "डोळ्यात बघून बोल." एकदा हनुवटी धरून तोंड वर केलं, तर त्यानं माझ्या हाताला चावा घेतला, आणि मी त्याला मारलं. त्याला बारा वर्षाचा असताना हैदराबादला तपासलं. फ्रजाइल एक्स म्हणाले. कागद आहे, पण काय लिहिलंय ते मला नीट कळलं नाही. जावई बोलत नाहीत त्याबद्दल.

बाईंना विचारायचं, तो माणूसघाणा आहे का?

खडूफळा | २१ जानेवारी, दुपारी ३:१०

जॉबरकाका, नाही हो. अजिबात नाही. तोंड भिंतीकडं असलं तरी हात पुढं केला ना त्यानं? त्या हातातच उत्तर आहे. फ्रजाइल एक्सच्या मुलांना माणसं हवी असतात, पण नजर त्यांना उन्हासारखी लागते. कुणी डोळ्यांत बघितलं की छाती धडधडते, अंग तापतं, आणि ते सावरायला हात फडफडवणं, चावणं सुरू होतं. बाहेरून बघणाऱ्याला ते ऑटिझमसारखं दिसतं, आणि यातल्या बऱ्याच मुलांना तो निकषही लागू पडतो. पण वर्गात मी दोन्हीकडची मुलं बघते. ओळख झाल्यावर, शेजारी बसून, समोर नव्हे, शेजारी, काम करताना फ्रजाइल एक्सचा मुलगा गालात हसतो, तिरक्या नजरेनं चोरून बघतो, नक्कल करून हसवतो.

डोळ्यांत बघायला लावणं आजपासून बंद करा. त्याच्या बाजूला बसा, दोघांच्या पुढ्यात काहीतरी काम ठेवा. शेंगा सोला, सुतळी गुंडाळा. गिरणीच्या गोष्टी भिंतीकडं बघून सांगा. तो ऐकेल.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मी खूप विचार करून लिहितेय. तुमचा हात थरथरतो म्हणालात. चालताना तोल जातो का?

जुना_जॉबर | २१ जानेवारी, संध्या. ७:००

जातो. तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले वयोमान. कपबशी धरता येत नाही, पेल्यात चहा घेतो. का बरं?

खडूफळा | २१ जानेवारी, रात्री ९:४५

काका, हात थरथरायला शंभर कारणं असतात, मी डॉक्टर नाही, त्यामुळं आधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. पण जाताना नातवाचा कागद बरोबर न्या. का ते सांगते.

एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ एफएमआर१ नावाचं जनुक आहे, ते १९९१ साली सापडलं. त्याच्या सुरुवातीला सीजीजी ही तीन अक्षरं एकामागून एक येतात, बहुतेकांत तीसेक वेळा. काही घराण्यांत ती वाढतात. ५५ ते २०० असली तर माणूस वाहक. २००च्या पुढं गेली की जनुक कुलूपबंद होतं, त्याचं प्रथिन तयारच होत नाही. तुमच्या नातवाचं तेच झालंय.

वाहक बापाकडून ते त्याच्या सगळ्या मुलींना जातं, मुलग्यांना जात नाही, कारण मुलग्याला बाप वाय देतो. मुलीकडून तिच्या मुलांना जाताना रांग अचानक लांबू शकते. म्हणजे मुलीच्या बाजूचा आजोबा वाहक असू शकतो, आणि त्याला आयुष्यभर काहीच झालेलं नसतं. पन्नाशी-साठीनंतर मात्र अशा वाहक पुरुषांपैकी काहींना हाताला कंप आणि चालीत अडखळ सुरू होते. ही गोष्ट डॉक्टरांच्याही लक्षात आली ती २००१ साली, आणि आली कशी? आयाच सांगायला लागल्या, "मुलाचं बघाच, पण माझ्या वडिलांचाही हात थरथरतो." त्याआधी नातू बालरोगतज्ज्ञाकडं आणि आजोबा मेंदूच्या डॉक्टरकडं, दोन कागद एका टेबलावर आलेच नव्हते.

तुमच्या मुलीलाही सांगायला हवं. वाहक बायकांपैकी साधारण पाचांत एकीची पाळी चाळिशीच्या आतच जाते. आणि तिला बहिणी असतील तर त्यांनाही.

नाना_जुळेसोलापूर | २१ जानेवारी, रात्री १०:३०

म्हणजे इथं सासरच्या मंडळींनी सुनेला बोल लावायचा, आणि ते आलं तिच्या बापाकडनं, ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही. काय म्हणावं आता.

कट्टा_संमती | २२ जानेवारी, सकाळी ११:००

सगळ्यांचा आदर ठेवून म्हणतो. कुणी गप्पिष्ट असतं, कुणी लाजाळू. पूर्वीही होते. आमच्या गल्लीत एक होता, सगळ्या वरातीत पुढं नाचायचा, सगळे जेवायला घालायचे. कुणी त्याला सिंड्रोम म्हणालं नाही. नाव लावून काय मिळतं?

चादरवाला | २२ जानेवारी, दुपारी १२:१५

मला काय मिळालं ते सांगतो. एक, तिचा रक्तदाब दर सहा महिन्यांनी बघायचा हे कळलं. दोन, तान्हेपणी या मुलांच्या रक्तात कॅल्शियम वाढलेलं असू शकतं, त्यामुळं "चालत नाही, ड जीवनसत्त्व पाजा" असं शेजारणीनं सांगितलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजायचं नाही हे कळलं. (आम्ही वर्षभर पाजलं होतं.) तीन, भूल द्यायची वेळ आली तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

तुमच्या गल्लीतल्या त्या माणसाचं काय झालं शेवटी?

कट्टा_संमती | २२ जानेवारी, दुपारी १२:५०

चाळिशीत गेला. झोपेत. कुणी काही तपासलं नाही.

पेठेतली_आई | २३ जानेवारी, रात्री ८:२०

इतके दिवस नुसती वाचत होते. माझ्या मुलाला प्राडर-विली आहे. पंधराव्या गुणसूत्रावरचा बापाकडून आलेला भाग नाही त्याच्याकडं. तोच भाग आईकडचा नसता तर अँजेलमन झालं असतं, सगळं वेगळंच, बोलणं जवळजवळ नाही आणि हसू सारखं. एकच जागा, पण कुणाकडून आली त्यावर मूलच बदलतं, हे मला अजूनही जादूटोण्यासारखं वाटतं.

लोकांना फक्त त्याची कधी न भागणारी भूक दिसते. फडताळाला कुलूप बघून पाहुण्या बायका माझ्याकडं कसायासारखं बघतात. भुकेपेक्षा मला त्रास होतो तो ठरलेलं बदललं की. तो म्हणतो, "आज्जी चारला येणार ना?" हो. "चारला ना?" हो. चाळीस वेळा. आणि आज्जीची बस उशिरा आली की डोकं आपटून घेतो. मला वाटायचं मला छळायला करतो. आता कळतंय, दुसऱ्याचं काही कारण असेल, वाट अडली असेल, हे त्याच्या डोक्यात शिरायला फार वेळ लागतो. आता मी वेळ सांगतच नाही. "दोन पोळ्या झाल्या की आज्जी येईल" म्हणते, आणि आज्जी दारात दिसेपर्यंत दुसरी पोळी तव्यावर टाकत नाही.

खडूफळाताई, डाउनच्या मुलांबद्दलही लिहा ना, जावेचा मुलगा आहे.

खडूफळा | २३ जानेवारी, रात्री ९:०५

दुसऱ्या पोळीला सलाम!

डाउनची पोरं माझ्या वर्गातली राजकारणी. आकड्यांचं पान पुढं ठेवलं की उठून नमस्कार, "बाई, साडी छान", नाच, डोळा मारणं. पाच मिनिटं सगळा वर्ग हसतो आणि पान तसंच राहतं. समोरच्याला कशानं पाघळवता येतं हे त्यांना पक्कं कळतं, आणि अवघड कामातून सुटायला ते वापरतात. हे अनेक अभ्यासांतही नोंदलेलं आहे. जावेला सांगा, हसा, पण पान उचलू नका.

अशोकचौक | २४ जानेवारी, सकाळी १०:००

कागदपत्रांचं कुणीतरी विचारील म्हणून. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात विल्यम्स किंवा फ्रजाइल एक्स ही नावं नाहीत. प्रमाणपत्र बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम या खाली मिळतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्र काढा, आणि त्यावर निरामय हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, वर्षाला एक लाखापर्यंत.

जुना_जॉबर | २ फेब्रुवारी, पहाटे ५:४५

पुण्याला जाऊन आलो. रक्त दिलं, निकाल यायचाय. मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अण्णा, सासूबाई तेरा वर्षं मला बोलताहेत." जावयांनी स्वतःहून फोन घेतला आणि म्हणाले, मी सांगतो आईला.

नातू इथं आलाय चार दिवस. बाईंनी सांगितलं तसं ओट्यावर शेजारी बसून शेंगा फोडतो. तो सोलतो, मी खातो, कारण माझ्या हातानं सोलवत नाही. काल मी बॉबिन बदलायची गोष्ट सांगत होतो तर मधेच भिंतीकडं बघत म्हणाला, "आणि भोंगा?" मी भोंगा वाजवून दाखवला तोंडानं. लै हसला.

चादरवाला | ९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

तीन आठवड्यांचा हिशेब देतो.

गाणं केलं. भुलाबाईच्या चालीवर. "उंबऱ्याशी पाय, बाबांना विचारू काय" असं काहीतरी. काव्य म्हणून टाकाऊ आहे. दिवसातून तीस वेळा म्हणते, गिऱ्हाइकांकडूनही म्हणवून घेते.

पण खडूफळाताईंनी फोनवर बजावलं होतं की गाणं पाठ होणं वेगळं आणि वेळेला पाय थांबणं वेगळं, सराव खऱ्याखुऱ्या माणसाबरोबर करायचा. म्हणून त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ, आम्ही कधी न पाहिलेले, दुकानात आले. मी मुद्दाम आत गठ्ठे मोजायला गेलो. पहिल्या रविवारी ते म्हणाले, "चल बाळ, कोपऱ्यावर आइस्क्रीम खाऊ." चिमी पायात चप्पल घालून तयार! मी आतून बघतोय, हिच्या आईनं तोंडात पदर कोंबलेला. पायरीवरच अडवलं, रागावलो नाही, गाणं म्हटलं, परत पहिल्यापासून. दुसऱ्या रविवारी वेगळे गृहस्थ. उंबऱ्यापर्यंत गेली, थांबली, पुन्हा गेली.

आज तिसरे होते. "चल, मोटारसायकलवर चक्कर मारू." चिमी उंबऱ्याशी गेली. पाय टेकवला. आणि एवढ्या जोरात ओरडली की समोरचा मोत्या उठला : "बाबा! हे काका चक्कर मारू म्हणताहेत, जाऊ का?"

मी म्हणालो, नाही.

"काका, बाबा नाही म्हणाले." आणि मग त्यांचा हात धरून, "तुम्हीच आत या ना. आमच्याकडं चहा आहे. तुमच्या आईचं नाव काय?"

खडूफळा | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०२

चहा दिलात ना त्यांना? ते माझे मोठे दीर. घरी येऊन सांगत होते की आईचं नाव विचारलं तेव्हा सांगताना घसा दाटला, जाऊन वर्षच झालंय.

पुढच्या रविवारी बाई पाठवते. चिमीला बांगड्या आवडतात, तेव्हा भरपूर बांगड्या घालून येईल. गठ्ठे मोजायला जाताना जरा जवळचेच मोजा.